दोन वाटाण्यांएवढी हाडं

सुधाआत्या माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी पाय. नारायणगुड्याच्या आमच्या घरी पाहुणा पाय धुऊन आत आला, की शहाबादी फरशीवर उमटलेली त्याची ओली पावलं ती टक लावून बघे आणि ती वाळायच्या आत त्याचा चवडा कसा पडतो ते सांगून मोकळी होई. मला बघायला आलेल्या मंडळींनाही तिने सोडलं नाही. ते स्थळ अर्थातच हुकलं.

आत्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायची. घरी बिस्किटांच्या डब्यात पावलाची हाडं असत. एकदा तिने वाटाण्याएवढी दोन हाडं माझ्या तळहातावर ठेवली. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला ती असतात म्हणाली. “टाच उचल. अंगठा वाकतो, तळव्याखालची दोरी ताणते, कमान वर चढते. नि तुझा भार कुणावर? या दोघांवर. देवाने काय डोकं चालवलंय बघ.” देवळात कधी न जाणारी आत्या हे बोलताना हात जोडायची.

मी तेव्हा कुचिपुडी शिकत होते. पितळी ताटाच्या काठावर उभं राहून, पायांनी ताट सरकवत नाचायचं, तो तरंगम बसवत होते. त्याच सुमारास शहरात नव्या कंपन्या आल्या, मला नोकरी लागली आणि आबिड्सच्या बाजारातून मी ऐटीत उंच टाचांचे सँडल आणले. काही महिन्यांत अंगठ्याखाली असं दुखू लागलं, की पाऊल टेकवेना. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, लहान हाडाचे दोन तुकडे झालेत म्हणाले, नाच कायमचा बंद करायला सांगितलं. मी घरी येऊन ढसाढसा रडले.

आत्याने एक्स-रे खिडकीशी धरला. “दुसऱ्या पायाचा कुठाय?”

तो कुणी काढलाच नव्हता. तिने मला त्याच पावली परत पाठवलं. दुसऱ्या पायातही तेच हाड, तसेच दोन तुकडे, कडा गुळगुळीत.

“मोडलं नाही गं, तू जन्मलीसच अशी. दुखतंय ते त्या सँडलांनी. ते फेक, पायाला विश्रांती दे. नाच सोडू नक्को.” मग स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाली, “आपल्या घराण्यातलंच असेल. माझे कधी बघितलेच नाहीत. मेल्यावर पोरं बघतील.”

वर्षभराने मी तरंगम केला. आत्या पहिल्या रांगेत होती. माझा अभिनय कसा झाला, असं आईने विचारलं, तर म्हणाली, “हौ, चेहऱ्याकडे बघायचं राहिलंच.”

ती गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे देह कॉलेजला दिला. पुढे बऱ्याच काळाने तिची एक विद्यार्थिनी घरी आली. ती आता तिथेच शिकवते. आत्याच्या दोन्ही पायांत ते हाड दोन तुकड्यांत आहे, असं तिने सांगितलं. “त्यावर उभं राहून मॅडमनी जन्मभर शिकवलं.”

विद्यार्थिनी निघून गेल्यावर मी माळ्यावरून ताट काढलं, घासलं आणि पाय धुऊन त्यावर उभी राहिले.