चिंचोके बांधलेली चादर

२०१६ च्या जूनमध्ये मी तलासरीहून नाशिकच्या एसटीत बसले, तेव्हा आईचे हात मनगटापर्यंत हिरवे होते.

आमच्या घरात कॉलेजला निघालेली मी पहिलीच. हॉस्टेलच्या यादीत ‘चादर – एक’ लिहिलं होतं, म्हणून आईने पांढरा मांजरपाट आणला. आशागडला चिकूच्या वाडीत कामाला जायची तेव्हा तिथल्या शेठाणीला कापड रंगवताना तिने पाहिलं होतं, तेवढंच तिचं शिकणं. आधी सगळं कापड पिवळ्या रंगात उकळायचं. सुकलं की जागोजागी चिंचोका धरून त्यावर दोरा करकचून आवळायचा. मग एक टोक लाल पाण्यात, दुसरं हिरव्यात. गाठ सोडली की आत पिवळा गोल उरतो. दोरा दाताने तोडत ती म्हणायची, “बाय, सुकल्याबिगर गाठ सोडायची नाय. रंग पळतो.”

निघायच्या दिवशी हिरवं टोक ओलंच होतं. तिने ते गाठींसकट पिशवीत घातलं. ती माझ्यासोबत येणार होती, मी झोपणार कुठे ते बघायला. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. पण स्टँडवर मी तिच्या हातांकडे पाहिलं आणि बोलून गेले, “हे हात घेऊन कॉलेजात येशील? सगळे बघत बसतील.”

तिने हात पदरात घेतले. हसली. “बरं, रंग गेला का येईन.”

मी एकटीच एसटीत चढले. नुसतं ‘चल’ म्हटलं असतं तरी ती चढली असती.

हॉस्टेलच्या खोलीतल्या मुली पलंगांवर चादरी घालत होत्या. मला गाठींची लाज वाटली. घाईने सगळ्या सोडल्या. हिरवा रंग पिवळ्या गोलांत पसरत गेला आणि ते टोक शेवाळलेल्या पाण्यासारखं झालं. चिंचोके मी खिडकीतून फेकले.

रविवारी आईचा फोन आला. “गोल कसे आले गं?”

“मस्त. पिवळेधमक.”

“घरी आलीस का दाखव.”

पुढची दोन वर्षं ती दर वेळी विचारायची आणि मी तेच सांगायचे. सुट्टीला जाताना चादर मुद्दाम हॉस्टेलवर ठेवायचे. भातलावणी, मग भातकापणी, मग वाडीतलं काम, यात तिचं नाशिकला येणं राहून गेलं. २०१८ च्या पावसाळ्यात ती तापाने गेली. मी पोचले तेव्हा तिचे हात स्वच्छ होते. नखातसुद्धा रंग नव्हता.

आता, २०१९ मध्ये, धाकटी बहीण कॉलेजला निघालीय. हे बहुतेक तिच्यासाठीच लिहितेय. बाबा तिला सोडायला जाणार आहेत. ते विचारत होते, “पायाच्या भेगा दिसतात, बूट घेऊ का?” मी म्हटलं, “नको बाबा. असेच जा.” माझा आवाज का चढला, ते त्यांना कळलं नाही.

या वेळी मी चादर गावी, झरीच्या घरी नेली. घराच्या मागच्या भिंतीवर, आईने ती वाळत घातली होती तिथे, लाल-हिरवे ओघळ अजून आहेत. बाबा दर दिवाळीला भिंत सारवतात, तेवढी जागा सोडून. आता माझ्यासाठी घर म्हणजे ती वीतभर न सारवलेली भिंत. मी बिघडलेलं टोक वर करून चादर तिथे वाळत घातली आणि म्हणाले, “बघ, असे आले.”