खांदेमळणीचं आवतन

या सदरातले अनुभव मी हॉस्टेलवर मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि आम्ही सगळ्या हसायचो. भूत, अंगात येणं, यातलं काहीच मला पटत नाही. मी नांदेडला बी.एस्सी. करते, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच... त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो आहे. पण जे झालं ते तसंच लिहिते.

आमचं गाव देवणी तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेजवळ. घरी माय, मी आणि मोठा भाऊ दिगंबर — मी त्याला अण्णा म्हणते. वडील मी लहान असतानाच गेले. आम्हाला शेत नाही. अण्णा नरहरीकाकांकडे सालगडी होता, म्हणजे वर्षभराचा गडी. त्यांच्या जोडीतला एक बैल शेवऱ्या. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, मोठा देखणा. तो अण्णाच्याच हाताखाली वाढला. अण्णा दिसला की मान खाली करायचा, दुसऱ्या कुणाला खांद्याला हात लावू द्यायचा नाही.

मग काकांनी ट्रॅक्टर घेतला. बैलं ठेवली, पण वर्षभराच्या गड्याची गरज राहिली नाही. उन्हाळ्यात अण्णा काम शोधायला नांदेडला आला. मला हॉस्टेलच्या गेटवर भेटला, केळी देऊन गेला. स्टेशनजवळ एका माणसाने त्याला काम सांगितलं — विहीर खोदायची, राहणं-खाणं तिथंच. "लई लांब न्हाई," एवढंच अण्णा फोनवर म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन बंद.

आम्ही पोलिसांत गेलो. साहेब म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, मर्जीने गेलाय, येईल. लातूरला गेलो, तिथंही हेच. मी स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यांवर त्याचा फोटो दाखवत फिरले. लोक फोटो नीट बघायचे, वाईट वाटून घ्यायचे, आणि परत करायचे. माय हळूहळू बोलेनाशी झाली. मी कॉलेज सोडून घरी येते म्हणाले, तर तेवढ्यापुरती बोलली — "तू बी गेलीस तर मी कुणाची वाट बघू?"

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. पोळ्याला मी गावी आले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. संध्याकाळी बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकायचा, लोणी-हळद चोळायची, आणि त्याचं नाव घेऊन म्हणायचं — आज आवतन घे, उद्या जेवायला ये. वर्षभर ज्याच्या खांद्यावर जू ठेवलं, त्याला दिलेलं हे जेवणाचं निमंत्रण. शेवऱ्याचा खांदा दरवर्षी अण्णाच मळायचा. त्या वर्षी शेवऱ्याने काकांना जवळ येऊ दिलं नाही. म्हणून काकूंनी मायला बोलावलं. मी लोण्याची वाटी धरून उभी होते.

मायने अण्णाचा जुना टॉवेल खांद्यावर घेतला होता. त्या वासानेच असेल, शेवऱ्या शांत उभा राहिला. मायने उजव्या हाताने बराच वेळ खांदा मळला. मळता मळता तिचं लक्ष कुठंतरी दुसरीकडेच गेल्यासारखं वाटलं. आणि मग ती म्हणाली,

"दिग्या, आज आवतन घे. उद्या जेवायला ये."

 काका हसले, वातावरण हलकं करायला. "वहिनी, बैलाला दिग्या म्हनलाव. आता दिग्याला झूल घालायची का?"

माय भानावर आली, तोंडाला पदर लावला. काकू मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आवतन दिलंय, आता ताट वाढावं लागंल."

दुसऱ्या दिवशी मायने पुरणपोळीचं ताट वाढून ठेवलं.  अण्णा आला नाही. दिवस मावळल्यावर ते ताट तिने शेवऱ्यापुढे नेऊन ठेवलं.

पोळ्याची कर, म्हणजे दुसरा दिवसही होऊन गेला. माझी हॉस्टेलला परत जायची तयारी चालू होती, आणि सकाळी दारात अण्णा उभा... मी आधी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, पायाला घोट्याजवळ काळे वळ. मायने त्याला आत घेतलं आणि चुलीवर डाळ शिजत घातली. पुन्हा पुरण.

तो जेवला आणि झोपला. मी त्याचा शर्ट धुवायला घेतला. उजव्या खांद्यावर पिवळट डाग होता. मुरमाचा असेल म्हणून साबण लावला, तर डाग लालभडक झाला. हे तर मी प्रॅक्टिकलला केलेलं आहे — साबण लागला की हळद लाल होते. शर्ट हातात घेऊन मी तशीच बसून राहिले.

उठल्यावर विचारलं, वाटेत कुणी जखमेला हळद लावली का. म्हणाला, न्हाई. मग तुटक तुटक सांगायला लागला. दूरच्या एका जिल्ह्यात कोरड्या माळावर विहीर. पहाटे खाली सोडायचे, अंधार पडला की वर काढायचे. फोन पहिल्याच दिवशी घेतले. शेडमध्ये पायाला साखळी. घरी जातो म्हटलं की मार. दगडाच्या पाट्यांनी त्याच्या खांद्याचं सालपट निघालं होतं. आज कोणता वार, कोणता महिना, हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

"एका संध्याकाळी शेडमदी पडलो होतो. कुणीतरी खांद्याला लोणी लावून राहिलं होतं, रंजे. गार लागलं. हळदीचा वास आला. आधी वाटलं, मी मेलो." पुढे म्हणाला, "मग कळलं, आज खांदेमळणी हाय. म्हंजे उद्या पोळा."

पोळ्याला ऊन कलल्यावर सगळं गाव बैलं घेऊन वेशीत जातं, हे त्याला पक्कं माहीत होतं. राखणीवरचा माणूसही त्याच गावचा, बैलवाला. दुसऱ्या दिवशी अण्णा विहिरीतून नुसता वर बघत राहिला. काठावरचं त्या राखणदाराचं डोकं हललं, परत आलं नाही. क्रेनचा दोर लटकत होता. तो धरून अण्णा वर चढला आणि तुरीच्या रानातून पळाला.

मी मनात कारणं शोधत होते. जवळपास कुणाच्या गोठ्यात खांदेमळणी चालली असेल, वाऱ्याने वास आला असेल... तेवढ्यात अण्णा चुलीकडे वळून म्हणाला,

"माय, शेवऱ्याचं आवतन मला दिलतीस का? दिग्या म्हनलीस. मी ऐकलं."

त्याला हे कुणीही सांगितलं नव्हतं. तो आल्यापासून मी घरातच होते. मायने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. उजव्या खांद्याला हात लागताच अण्णा दचकून बाजूला झाला. अजूनही तो तिथं कुणाला हात लावू देत नाही.

अण्णाबरोबर विहिरीत सायलूमामा म्हणून एक वयस्कर माणूस होता, देगलूरकडचा, अर्धं तेलुगू बोलायचा. अण्णाने त्याला चल म्हटलं. त्याचा पाय सुजला होता. तो म्हणाला, "तू जा. मला कुठं वास आला?" घरी बैल नाही, बायको नाही, माय कधीच गेली, असं त्याने आधी एकदा सांगितलं होतं.

अण्णाच्या तक्रारीवरून पोलीस तिकडे गेले. शेड रिकामं होतं. विहिरीला पाणी लागलेलं. त्या लोकांना कुठं हलवलं, ते अजून कळलेलं नाही. आम्ही विचारायला जातो. तपास चालू आहे, असं सांगतात.

तो शर्ट माझ्याकडे आहे. डाग सुकल्यावर पुन्हा पिवळा झाला, हळदीचा होतो तसाच.  

यंदाच्या खांदेमळणीला मायने शेवऱ्याचं आवतन शेवऱ्यालाच दिलं. मग वाटीत थोडं लोणी उरलं होतं, ते पुन्हा त्याच्या खांद्यावर ठेवून हळूच म्हणाली, "सायलू, आज आवतन घे. उद्या जेवायला ये."

दुसऱ्या दिवशी ताट वाढलं. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघंही दाराकडे तोंड करून बसलो होतो. ताट उचलताना मायने मला विचारलं, कॉलेजात शिकते म्हणून मला माहीत असेल, अशा समजुतीने —

"त्याचं पुरं नाव म्हाईत न्हाई गं. नुस्तं सायलू म्हनलं, तर पोचंल का?"