तगर आणि नागरमोथा

विद्या संपादन करणे दुष्कर आहेच. पण संपादन केलेली विद्या आपल्याला सोडून गेली, हे चारचौघांत सांगणे त्याहून दुष्कर. त्या प्रांजळपणाला वेगळे नाव असते, तर ते एका वृद्ध काष्ठौषधी-विक्रेत्याला शोभून दिसले असते.

सगळी गल्ली त्यांना 'नाकवाले आजोबा' म्हणे. त्यांच्या चिंचोळ्या दुकानात जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर बरण्या. पण एकाही बरणीवर चिठ्ठी नव्हती. हा त्यांच्या वाडवडिलांचा दंडक. चिठ्ठी वाचून विकणारा नाव विकतो. औषधीतला गुण केव्हाच उडून गेला तरी नाव तसेच राहते, असे ते म्हणत. म्हणून प्रत्येक वेळी बरणी उघडायची, चिमूटभर जिन्नस तळहातावर चोळायचा, हुंगायचा आणि मगच पुडी बांधायची. पुडी बांधता बांधता त्या वनस्पतीचे कुळ-चरित्रही सांगायचे. ज्येष्ठमधाचा तुकडा दाढेखाली धरून जुने वाटसरू तहान कशी मारत, वेखंडाच्या कांड्या कपड्यांत ठेवून कसर कशी पळवत, हे ऐकताना गिऱ्हाइके घरी जायचे विसरत.

एका हिवाळ्यात त्यांना जबर पडसे झाले. पडसे गेले आणि जाताना घ्राणशक्ती घेऊन गेले. त्यांनी हे कुणालाच सांगितले नाही. बरण्यांच्या जागा पाठ होत्या, त्यावर निभावत होते. चोळणे, हुंगणे, मान डोलावणे, सारे पूर्ववत चालू होते. फक्त त्या हुंगण्यात आता काही नव्हते. सून बरण्या पुसून कधी इकडची तिकडे ठेवी, हे मात्र त्यांच्या लक्षात आले नव्हते.

एके सकाळी समोरचा शिंपी पुडी घेऊन आला.

"आजोबा, आईला झोप लागावी म्हणून तगरीच्या मुळीची पूड नेली ना? झोप राहिली बाजूला! तिला अशी कडकडून भूक लागली की मलाच उठवून पोळी भाजायला लावली!"

बाकावरची गिऱ्हाइके खो खो हसली. आजोबांनी पुडी उघडली. तपकिरी पूड. नाकाशी नेली, काही नाही. जिभेला लावली, नुसती माती. तगर म्हणावी की आणखी काही? 'तुझ्या आईची प्रकृतीच तशी' म्हणून वेळ मारून नेता आली असती. शिंपी भाबडा, त्याने मानलेही असते. पण उद्या कुणा आजाऱ्याच्या पुडीत काय जाईल? आणि खरे सांगावे, तर वासावर चाललेल्या या दुकानात आपली जागा कोणती?

त्यांनी आतल्या दाराकडे पाहून हाक मारली, "सूनबाई, जरा बाहेर ये."

ती पदराला हात पुसत आली.

"मला वास येत नाही. पडसे झाले तेव्हापासून. ही पूड कसली, सांग बघू."

सुनेने पूड हुंगली. वर्षानुवर्षे बरण्या पुसणाऱ्या तिला क्षणही लागला नाही.

"मामंजी, हा नागरमोथा. भूक लागणारच की! तगर खालच्या फळीवर आहे, मीच हलवली. अन् इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू मला घरात बसवलं असतंस."

"बसवलं असतंच! पण आता गोष्टी कोण सांगणार? मला नुसता वास कळतो, बाकीचं काय?"

शिंपी म्हणाला, "म्हणजे आता आम्ही कुणाच्या नाकावर विसंबायचं?"

"तिच्या," आजोबा म्हणाले, "आणि स्वतःच्याही. घे, हुंग."

शिंप्याने आधी नागरमोथा हुंगला, मग तगर. तगरीला नाक मुरडून तो म्हणाला, "हिचा हा वास आधी माहीत असता, तर चूक तेव्हाच ओळखली असती!"

त्या दिवसापासून गादीवर सून बसू लागली आणि शेजारी आजोबा. ती हुंगून देई, ते कथा सांगत. आणि पुडी बांधण्याआधी ती गिऱ्हाइकाच्या नाकाशी नेण्याचा नवा दंडक दोघांनी मिळून पाळला.

आजोबा जाऊन बराच काळ लोटला. दुकान सून चालवते. त्या गल्लीतल्या बहुतेकांना आज तगर आणि नागरमोथा यांतला फरक कळतो.