नळीतलं कोमट रक्त

डायलिसिसच्या नळीला बोट लावलं तर ती कोमट लागली. माझ्या चुलतबहिणीचं, सुनंदाचं, रक्त त्या नळीतून यंत्रात जात होतं आणि धुऊन परत तिच्या अंगात येत होतं. मनाच्या आजारासाठी दिलेल्या लिथियमच्या गोळ्या तिने सकाळी एकदम गिळल्या होत्या.

दवाखान्यात पोचताच डॉक्टरांनी विचारलं होतं, "काही औषध घेतलंय का?"

"नाही हो, काल बाहेरचं खाल्लं, तेच बाधलं," काकू म्हणाली. रिकामी स्ट्रिप तिच्याच पिशवीत होती. पोलीस येतील, धाकटीचं जमलेलं लग्न मोडेल, ही तिची भीती.

'मनाचा आजार लपवू नका' अशी पत्रकं मी गावोगाव वाटते. काकूने माझा हात दाबला आणि मी दुपारपर्यंत गप्प बसले. परक्यांच्या दारात ओरडायला काय लागतं? घरच्यांसमोर जीभ उचलत नाही. ज्या अब्रूला आपण एवढं जपतो, ती तेवढ्या वेळात एका पोरीच्या मेंदूत विष होऊन उतरत होती.

"रक्त साफ होईल," मी शेवटी गोळ्यांचं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "पण हे सकाळीच सांगायचं होतंत."

सुनंदा वाचली. परवा घरी पाहुणे आले तेव्हा काकूने त्यांनाही बाहेरच्या खाण्याचंच सांगितलं. सुनंदा थरथरता हात उचलून म्हणाली, "गोळ्या." तिची जीभ आता इतकी जड झालीय, की पाहुण्यांना ते कळलं नाही. मला कळलं.