वकीलबाईंचा निकाल

माणूस खोटं बोलतो, हे वकीलबाईंचं पहिलं कलम. दुसरं कलम असं की तो मशीनवरचा ड्रायव्हर असेल तर जरा जास्तच बोलतो.

आता, वकीलबाई काही वकील नव्हत्या. त्या वेल्डिंग करायच्या. जुन्या पिकअपवर जनरेटर, वेल्डिंग मशीन, गॅसचे सिलिंडर, ग्राइंडर आणि पाईपांची वेटोळी लादायची आणि खाणीत, रस्त्याच्या कामावर, जिथे कुठे पोकलेन नाहीतर लोडर मोडून पडला असेल तिथे जाऊन उभं राहायचं, हा त्यांचा अठरा वर्षांचा धंदा. गाडी नवरा चालवायचा. काम त्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये शिकल्या. वडिलांनी खरं तर भावाला शिकवायला घेतलं होतं, पण तो ठिणग्यांना भिऊन पळाला, आणि कोपऱ्यात उभी राहून बघणारी ही पोरगी सोळाव्या वर्षी लोखंडी फाटकं जोडायला लागली.

वकीलबाई हे नाव ड्रायव्हर मंडळींनी पाडलं. कारण मशीनला हात लावण्याआधी बाई उलटतपासणी घ्यायच्या. "कधी मोडलं? काय उचलत होतास? बकेट कुठे होती? बघत कोण होतं?"

"काही नाही केलं ताई, आपोआप मोडलं."

"आपोआप फक्त केस पांढरे होतात. खरं बोल."

आणि दहातल्या नऊ वेळा ड्रायव्हरनेच काहीतरी उद्योग केलेला निघायचा, हेही सांगितलं पाहिजे. म्हणून मालक लोकांचा बाईंवर भारी विश्वास. बाईंचा मात्र कुणावरच नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर नाही, गिऱ्हाइकाच्या गोड बोलण्यावर नाही आणि "जरा मित्राकडे जाऊन येतो" म्हणणाऱ्या नवऱ्यावर तर मुळीच नाही. नवरा बिचारा दुसऱ्या टोकाचा. त्याला कुणीही यावं आणि टोपी घालून जावं.

"अगं, सगळं जग काय तुझ्याविरुद्ध कट करून बसलंय का?" तो विचारायचा.

"सगळ्या जगाला वेळ नसतो हो. ज्याला असतो त्याला मी ओळखते."

तर त्या दिवशी सकाळी एका खाणमालकाचा फोन आला. पोकलेनच्या बूमला, म्हणजे त्या लांबलचक हाताला, वीतभर चीर गेली होती. गाडी पोचली तेव्हा मालक फाटकापाशीच वाट बघत उभा. "ताई, तुम्ही फक्त एवढं सांगा, मशीनचा दोष की माणसाचा? माणसाचा असेल तर आत्ताच्या आत्ता घरी पाठवतो. तुमचा शब्द म्हणजे निकाल."

माणूस तिथेच उभा होता. चाळिशीचा, अंगाने काटक, तोंडात शब्द कमी. आठ महिन्यांपूर्वी लागला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं तर त्याने मान खाली घातली. झालं! बाईंच्या मनात पाल चुकचुकली. चिरेवर ग्रीस फासलेलं दिसलं, तेव्हा ती आणखी चुकचुकली.

"हे ग्रीस कुणी लावलं?"

"मीच. पाणी आत जाऊ नये म्हणून."

"की कुणाला दिसू नये म्हणून?"

बाई वाकून बूमच्या टोकाची बकेट बघायला लागल्या. एका बाजूचा पत्रा घासून आरशासारखा चकचकीत झालेला. म्हणजे हा बाबा बकेटने आडवे दगड ढकलतो! बूम उचलायला असतो, आडवा रेटायला नाही. बाईंना आणखी काय हवं होतं?

"आडवं रेटलंय," त्या मालकाला म्हणाल्या. "माणसाचा दोष."

मालकाने हात पुढे केला. ड्रायव्हरने खिशातून किल्ली काढून त्या हातावर ठेवली. सीटवरची उशी आणि पाण्याची बाटली घेतली. "ताई, घरी दोन पोरं आहेत हो," एवढंच बोलला आणि फाटकाकडे चालायला लागला. नवरा केबल सोडता सोडता थांबला. "एकदा आत तरी बघायचं होतंस," तो पुटपुटला. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ग्राइंडर सुरू केला.

चीर खणत खणत त्या वर सरकल्या. ती पाईप धरणाऱ्या एका छोट्या चापाखाली शिरत होती. ग्रीस आणि रंग खरवडला, तशी कडेची एक खपली उडाली. बाईंनी चष्मा पुसला. आजची चीर असती तर आतून लख्ख पांढरी निघाली असती. ही बोटभर काळी होती, गंजलेली. वर्षभराची तरी जुनी. आणि ती सुरू होत होती चापाच्या वेल्डिंगच्या कडेपासून.

ते वेल्डिंग बाईंनी ओळखलं. शेवटाला रेघ अर्धं बोट मागे आणून मिटवलेली. असं मिटवणारा दुसरा हात त्या भागात नव्हता.

दोन वर्षांपूर्वी याच मशीनवर त्यांनी तो चाप बसवला होता. जाड प्लेट आधी गॅसने चांगली तापवायची, मग वेल्डिंग करायचं, नाहीतर जोडाच्या कडेला पुढे चीर जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिवशी गॅस नव्हता. गॅसवाला सिलिंडर अर्धे भरतो असा संशय घेऊन बाईंनी आदल्याच दिवशी त्याला शिव्या घालून परत पाठवलं होतं. एवढ्याशा चापाला काय होतंय, म्हणून त्यांनी गार प्लेटवरच काम उरकलं आणि वरून रंग मारला.

आणखी दोनदा ग्राइंडर फिरवला की काळं सगळं उडणार, भुसा होणार. कुणाला पत्ता लागणार? नवरा शेजारी विजेरी धरून होता. याने पाहिलं का? पाहिलं असेल तर बोलत का नाही? आयुष्यात पहिल्यांदा बाई स्वतःवरच्या संशयाला भ्यायल्या, आणि त्यांना लाज वाटली, भयंकर लाज.

त्यांनी ग्राइंडर बंद केला.

"अहो, पळा! त्या माणसाला गाठा. गेला असेल तर गाडी काढा. आणि मालकांना बोलवा."

मालक आला, वाकला. बाईंनी काळ्या भागावर बोट ठेवलं. "हे माझं काम आहे. प्लेट तापवली नव्हती. चूक माझी, त्याची नाही."

मालकाने चिरेवरून बोट फिरवलं. रागावला नाही, तेच वाईट झालं. "ताई," तो म्हणाला, "मागच्या दोन वर्षांत तुमच्या शब्दावर मी आणखी दोघांना काढलंय. त्यांचं हो काय?"

त्या दोघांच्या मशीनमधल्या चिरा बाईंनी कधीच भरून, घासून, रंगवून टाकल्या होत्या. आत काय होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

नवऱ्याने ड्रायव्हरला बस थांब्यावरून परत आणलं. मालकाने काय निघालं ते सांगून किल्ली दिली. ड्रायव्हर आभार मानेल असं नवऱ्याला वाटत होतं. त्याने मानले नाहीत. तो बाईंच्या खांद्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "या खेपेला तापवलीत का?"

"अरे, कुणाशी बोलतोयस!" नवरा उसळला.

"बोलू द्या हो त्याला," बाई म्हणाल्या. "ये, पाणी टाकून बघ."

त्याने बाटलीतलं पाणी शिंपडलं. थेंब चरचरत उडाले. तरीही काम संपेपर्यंत तो तिथून हलला नाही.

निघताना बाईंनी मालकाकडे त्या दोघांचे नंबर मागितले. एकाचाच मिळाला. गाडीत बसून त्यांनी तो लावला.

"मी वेल्डिंगवाली बोलतेय. ओळखलंत का?"

पलीकडून आवाज आला, "आता कुठलं मशीन मोडलं? मी तर हल्ली कुठल्याच मशीनवर नसतो."