बाहेरून फिरून येणारी झील

माझे वडील पायपेटी वाजवायचे. पोटासाठी मात्र त्यांनी शिरगावच्या खाणीवरून खनिजाचे ट्रक हाकले. सावंतवाडीकडचं गाव सोडून डिचोलीत आले ते त्यासाठीच. भजनाला बसायचे ते अंगावरची लाल माती घासून काढून. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, माती तेवढी छातीत राहिली. डॉक्टरांनी एक्स-रे बघून आधी आजाराची मोठी नावं सांगितली आणि मग, मीच खोदून विचारल्यावर, फार दिवस नाहीत हे सांगितलं.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपली भैरवी एकदा नीट ऐकायची. भजनाच्या शेवटी ती त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली आणि एकदाही कुणी रेकॉर्ड केली नाही. ज्या घरातला मुलगा रेकॉर्डिंगचाच धंदा करतो, त्या घरातली ही गोष्ट. हंगामात मी मोरजीच्या हॉटेलांत साउंड लावतो, उरलेल्या दिवसांत घराच्या मागच्या खोलीत नाटकांचं पार्श्वसंगीत आणि लोकांची गाणी रेकॉर्ड करतो. बापाची भैरवी तेवढी 'करू या, करू या' म्हणत ठेवली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पायपेटीचा भाता वाळवीने खाल्ला होता आणि तो मारण्याचा जोर त्यांच्या पायांत नव्हता. मी त्यांच्या मांडीवर छोटा कीबोर्ड ठेवला आणि वायर मागच्या खोलीपर्यंत ओढली. या कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी किती जोरात आणि किती वेळ दाबली एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो, सूर काढते ती प्रोग्रॅममधली पेटी. चार दुपारी, दम लागेल तिथे थांबत, त्यांनी अकरा मिनिटं वाजवली. सगळं जोडून मी ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पेटी बरी आसा. पण झील नाय."

भजनात बुवाची ओळ संपली की मागचे ती उचलून धरतात, ती झील. वडिलांची आणखी एक झील होती. भजनी मंडळाने एके काळी लाउडस्पीकरसाठी इको मशीन आणलं होतं. आत टेपचा पट्टा गोल फिरतो, एका जागी सूर टिपतो आणि जरा पुढे गेल्यावर तोच परत ऐकवतो. वडील पेटीचा माईक त्यातून नेत आणि मागून येणाऱ्या त्या सुरालाही झीलच म्हणत. मंडळ मोडलं तेव्हा मशीन आमच्या माळ्यावर आलं.

प्रोग्रॅममध्ये इकोचे डझनभर प्रकार आहेत. मी एकेक लावून दाखवू लागलो. तिसऱ्याला त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. मला राग आला. मरणाच्या दारात माणसाने इतकं चोखंदळ असू नये असं मनात आलं, आणि आलं ते लपवत नाही. शेवटी मशीन खाली काढलं आणि म्हापशाच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडून पट्टा बदलून आणला.

आता कॉम्प्युटरमधल्या पेटीला घराबाहेर काढायचं होतं. इंटरफेसच्या, म्हणजे कॉम्प्युटर आणि वायरी यांच्यामधल्या डब्याच्या, एका आउटपुटमधून पेटीचा सूर मशीनमध्ये पाठवला आणि मशीनमधून निघालेला इनपुटमध्ये परत घेतला. पहिल्याच खेपेला परत आलेला सूर चुकून पुन्हा मशीनकडेच सोडला आणि अशी शिटी फुटली की आई उलथणं हातात घेऊनच धावत आली. वडील पलंगावर हसत होते, म्हणजे खोकत होते. त्यांचं दोन्ही आता सारखंच ऐकू यायचं.

सुराला बाहेर जाऊन यायला थोडा वेळ लागतो. तो प्रोग्रॅम मोजतो. एक टिक बाहेर सोडतो, ती किती उशिरा परत येते ते बघतो आणि परत आलेला सगळा आवाज तेवढा मागे ओढून जागेवर बसवतो. मी घाईत ती टिक मशीनमधूनच जाऊ दिली. पट्ट्यावरून फिरून यायला लागलेला वेळही प्रोग्रॅमने वायरींचाच उशीर धरला आणि झील इमानदारीत उचलून थेट पेटीच्या सुरावर नेऊन ठेवली. मला ते कळलं नाही. इतकी वर्षं हा धंदा करून कळलं नाही.

वडिलांना दोन ओळींत कळलं. "झीलकरी बुवाच्या तोंडात बसलो काय रे?" त्यांनी विचारलं. मग श्वास जमवून म्हणाले, "बुवाचो शब्द पुरो होवक व्हयो. मगे झील. झिलेन थांबाक व्हया."

माझ्याशी इतकं सलग ते पुन्हा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन बाजूला ठेवलं, वायर आउटपुटमधून सरळ इनपुटमध्ये घातली आणि पुन्हा मोजलं. पापणी लवायलाही पुरणार नाही एवढा उशीर निघाला. तो आकडा कायम केला आणि मशीन परत मध्ये जोडलं. झील आता पेटीचा सूर पुरा होऊ देऊन मागून येत होती. ती इतकी बरोबर होती की मी एकटाच हसलो.

राहिलं होतं ते टिपून घेणं. आतल्या आत केलेलं काम प्रोग्रॅम घटकेत फाइल करून देतो, पण बाहेरचं मशीन मध्ये असलं की ते चालत नाही. पट्टा आपल्या गतीनेच फिरणार. अकरा मिनिटांच्या भैरवीला अकरा मिनिटं लागणार आणि मध्येच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर घरभर असायची, म्हणून मी हेडफोन चढवला आणि सुरू केलं.

निम्मं झालं असेल. पुढच्या खोलीतून आईने हाक मारली. मी एक कान मोकळा केला.

"अरे, ते इचारतत, झील खय?"

"येता म्हणान सांग," मी म्हणालो. "पाच मिनटां."

आणि कान झाकून घेतला.

मालवणीत झील म्हणजे मुलगा. आमच्या घरात रोजचा शब्द. वडील मला नावाने हाक मारत, पण माझ्यावर चिडले की आईला सांगत, तुझ्या झिलाक सांग. गेला आठवडाभर मात्र त्यांच्या तोंडी तो शब्द फक्त मशीनसाठी होता आणि माझ्या डोक्यातही मशीनच होतं. भजनातली झील ती, पोटचा झील तो. 'इली काय' असं विचारलं असतं तर मशीन, 'इलो काय' असं विचारलं असतं तर मी. वाक्याला क्रियापद जोडण्याएवढा श्वास त्यांच्याकडे नव्हता. आणि मी उत्तरात म्हटलेल्या 'येता'मध्ये ती आणि तो दोघंही बसतात.

भैरवी संपली. शेवटच्या सुराची झील पूर्ण विरेपर्यंत मी थांबलो, कारण काम चोख करायची सवय. मग छोटा स्पीकर हातात घेऊन पुढे गेलो. आई उशाशी बसून त्यांचा हात चोळत होती. नळी नाकाला होती, ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग स्पीकर खाली ठेवून मशीन बंद केलं.

ती फाइल मी एकदाही लावलेली नाही. तिच्यात काही दोष नसणार, याचाच मला संताप येतो.

दिवसकार्य आटोपल्यावर एका सकाळी चहात पाव बुडवताना आई आपणहून बोलू लागली. "तू घराक होतंस ता बरां झालां. झील खय म्हणान इचारल्यानी. मिया सांगलंय, येता, पाच मिनटांत. बरां म्हणाले. मगे दाराकडे बघित रवले."

मी चहा पीत राहिलो. तिला वाटतं, मी काम टाकून निघालोच होतो आणि तेवढी पाच मिनिटं कमी पडली. मला त्या वेळी काय ऐकू आलं होतं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. माझ्या खुर्चीपासून ते दार सात पावलांवर आहे.