वडिलांचं बोलणं शिकणारा शेजारी

धारगळला आमच्या शेजारी एक सॉफ्टवेअरवाला राहतो. संध्याकाळी बियर घेऊन तो आमच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसतो आणि नव्या टूलांबद्दल बोलतो. प्रत्येक टूलला आधी "बरा आसा" म्हणतो, मग आठवड्याभरात त्यालाच नावं ठेवतो.

पक्षाघातानंतर आमच्या वडिलांचे शब्द अडखळू लागले, तेव्हा त्याने बोललेलं लिहून दाखवणारं टूल आणलं. वडिलांनी भाताची पेज मागितली. पडद्यावर भलतंच उमटलं. त्यांनी मान फिरवली.

त्याने लॅपटॉप मिटला, बाटली बाजूला सारली आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"काका, सावकाश बोला. आता मीच शिकतंय."

तो रोज येऊन ऐकत राहिला. आता आम्हाला कळलं नाही, तर वडील गप्प होत नाहीत. ते त्याच्याकडे बघतात, आणि तो आम्हाला सांगतो.